पहिला घास

७ मे, प्राग

पोचलो एकदाचे. व्हिएन्नाच्या स्टेशनबाहेर डीलर मंडळींचा सगळा ग्रुप विमानतळाच्या बसमध्ये चढला आणि आम्ही दोघं सामान ओढत इकडच्या गाडीत बसलो. दिग्रसचे डोंगरसिंगभाऊ बसच्या दारातून सांगत होते की वहिनी, उरलेला चिवडा तुमच्या बॅगेत टाकला हाय, उपाशी राहू नका. त्यांच्या त्या चिवड्यावर आम्ही अर्धा युरोप पाहिला. आता उरलेली सुट्टी आमच्या दोघांची. ना गाइडची शिट्टी, ना मागच्या सीटवर सोयाबीनच्या भावाची चर्चा.

हॉटेल जुनं आहे पण स्वच्छ. लिफ्ट इतकी अरुंद की आधी बॅगा वर पाठवल्या, मग आम्ही गेलो. खिडकीतून लाल कौलं दिसतात, एक चर्चचा मनोरा दिसतो आणि खालून लाल ट्राम घंटा वाजवत जाते. जेवणाची वेळ टळून गेली तरी बाहेर लख्ख उजेड. पुसदला आत्ता लोक पाणी शिंपडलेल्या गच्चीवर झोपले असतील, आणि मी मे महिन्यात पायांत मोजे घालून बसलेय. अक्षय बुटांसकट आडवा झालाय. घरी त्याचं नाव घेत नाही, वहीत घेते. तेवढीच चैन.

राळेगावच्या शाळेत होते तेव्हापासून ही रोजनिशी लिहितेय. तेव्हा लिहायला होतं काय? हेडमास्तर, पेपर तपासणी, आणि अजून एक स्थळ नाही म्हणाल्याची नोंद. बत्तिसाव्या वर्षी लग्न ठरलं ते दुसरेपणावर. अक्षयचं पुसदला कृषी केंद्र आहे, बियाणं, खतं, फवारणीचे पंप. कंपनीचा माल ठरल्याप्रमाणे खपवला की कंपनी डीलरला बायकोसकट परदेशात फिरवून आणते. स्टाफरूममध्ये ही बातमी सांगितली तेव्हा एकेकीचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता टाकाबद्दल लिहायला हवं. माझ्या गळ्यात मंगळसूत्राखाली, काळ्या दोऱ्यात, रुपयाएवढा चांदीचा टाक असतो. त्यावर एका बाईचा चेहरा उठवलाय: गोल डोळे, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत टिकली. ही रेणुका, अक्षयची पहिली बायको. डेंगूनं गेली. दुसरीनं पहिलीला गळ्यात वागवायचं ही त्यांच्या घरची रीत. लग्नात माळा पडायच्या आधी सासूबाईंनी स्वतःच्या हातानं तो बांधला. नवं कापड आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. पहिला घास आधी टाकाच्या तोंडाशी न्यायचा, मग आपण खायचा. त्या म्हणाल्या होत्या, जे तिचं हाय ते तिले आधी देजो, मंग उरलं सारं तुयंच हाय. मी शिकलेली बाई, पण बत्तिसाव्या वर्षी वाद घालायला तोंड उरत नाही.

मुंबईच्या विमानतळावर मात्र तो काढावा लागला. मशीनमधून जायला ट्रेमध्ये माझ्या चपला, अक्षयचा पट्टा, दोघांचे मोबाईल आणि रेणुका. रबराच्या पट्ट्यांआड ती गेली आणि मला हसू फुटलं. पलीकडे गळ्यात परत बांधेपर्यंत मान कशी हलकी वाटत होती.

८ मे

दिवसभर पायपीट. चौकातलं मोठं घड्याळ पाहिलं. ठोके पडतात तेव्हा वरच्या खिडक्यांतून संतांच्या बाहुल्या फिरून जातात आणि बाजूला हाडांचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो. सगळे मोबाईल वर करून बघत होते. मग नदी, दोन्ही कडांना काळे पुतळे असलेला दगडी पूल, आणि पुलावर एक म्हातारा तोंडानं बाजा वाजवत बसलेला. सगळं फार सुंदर आहे. माझ्यासारखीला हे बघायला मिळेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एक गोष्ट मात्र खटकत होती. अक्षय कुठेच रस्ता चुकत नव्हता. पुसदहून नागपूरला जाताना दरवेळी वर्ध्यात गोंधळणारा माणूस इथे डावीकडे, उजवीकडे, या बोळातून, त्या कमानीखालून असा सरसर चालला होता. शेवटी विचारलं. तर सहज म्हणाला, रेणुकानं दुकानात बसून याचे व्हिडिओ लय पाहिले, मलेही दाखवे, पाठ झाले. तिले इथंच याचं होतं.

मग सगळं बाहेर आलं. कंपनीची ही योजना दोन हंगामांपूर्वीची. माल खपवला तो रेणुकानं. गल्ल्यावर ती बसायची, शेतकऱ्यांशी बोलायची, उधारी तीच काढून आणायची. टूर तिला मिळाला होता. पासपोर्ट आला आणि ती गेली. कंपनीनं माणुसकीनं टूर पुढे ढकलला आणि नावाच्या जागी नवं नाव घातलं. हे सगळं त्यानं मला साखर लावलेली ती गोल भाजकी नळी खाताखाता सांगितलं, सळईवर पीठ गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात ती. ओठांना साखर लागलेली आणि डोळे माझ्या गळ्याकडे. तोंडाकडे नाही. गळ्याकडे.

मी माझा घास टाकाशी नेला आणि खाल्ला. काही चव नाही. पुठ्ठा चावल्यासारखं. त्याच्या हातातला तुकडा मागून घेतला तर तो गोड, दालचिनीचा. थंडीनं जीभ बधिर झाली असेल म्हणून सोडून दिलं. पण आत्ता लिहिताना आठवतंय की लग्न झाल्यापासून मला सासूबाईंच्या हातचं काहीच चवदार लागलेलं नाही. सगळं गाव त्यांच्या वांग्याच्या भाजीला नावाजतं. मला वाटायचं माझीच जीभ नाठाळ.

माझ्या वाट्याला आलं ते सगळं तिनं आधी चाखून टाकलेलं. नवरा, घर, आणि आता हे गावही.

९ मे

आज अक्षयनं मला स्कार्फ घेतला. निळा, लोकरीचा, मऊसूत. मला शेंदरी हवा होता. तो म्हणाला निळा चांगला दिसतो. कोणाला, हे मी विचारलं नाही. दुकानातल्या बाईनं तो माझ्या खांद्यावर टाकायच्या आत अक्षयनं तिच्या हातून घेतला आणि स्वतः वाकून त्याचं टोक टाकाला लावलं. हळूच, दोन बोटांनी. लग्नाला वर्ष होत आलं, मला त्यानं इतक्या हळू कधी हात लावलेला नाही.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मेलेल्या बाईवर जळायचं म्हणजे लोक हसतील, ठाऊक आहे. जिवंत सवत असती तर भांडता तरी आलं असतं. तिच्यात दोष काढता आले असते. ही बया कायमची तेवीस वर्षांची, हुशार, हसरी आणि गप्प. रागावतसुद्धा नाही. नुसती माझ्या छातीवर बसून आधी खाते.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी ठरवलं. पोखरलेल्या पावात बटाट्याचं सूप देतात इथे. अक्षय हात धुवायला गेला होता. मी टाक स्वेटरच्या आत ढकलला आणि पहिला घोट सरळ माझ्या तोंडात घातला.

काय सांगू. गरम, मिरीचं, जिरं घातलेलं, मशरूमचा वास असलेलं. डोळ्यांत पाणी आलं. वाडगा, म्हणजे तो पावच, खरवडून खाल्ला. अक्षय आला आणि म्हणाला, भूक लागली होती वाटते, घास दाखवला ना? मी मान हलवली. पुढे चहा, केक, रात्रीचे नूडल्स, काही म्हणजे काही तिला दिलं नाही. सगळं माझं.

झोपायला कपडे बदलताना पाहिलं तर टाकाखाली छातीवर लाल वळ उठलाय. लहान, अर्धगोल. स्वेटर टोचला असेल.

१० मे

वळ अजून आहे. आज दुसरा उठलाय, पहिल्याशेजारी. तोंडाच्या आकाराचे आहेत हे लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

सकाळी अक्षय खाली नाश्त्याला गेला आणि मी न्हाणीघरात कडी लावून टाक काढला. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला की त्यांना तो दाखवायचा असतो, त्या म्हणाल्या होत्या की काळा पडला दिसते, साफ करजो. तर मी साफ केला. टूथपेस्ट आणि ब्रश. आधी नीटच घासत होते. मग तिचे ते गोल डोळे बघून हात जोरात चालायला लागला. नथ गेली. टिकली गेली. मग मी नखांची कानस घेतली. नाक सपाट केलं, डोळे सपाट केले, ओठ सगळ्यात शेवटी. चांदी मऊ असते. बेसिनमध्ये राखाडी फेस वाहत होता आणि मी गुणगुणत होते. इतका आनंद मला स्टाफरूममध्येही झाला नव्हता.

कोरी चकती गळ्यात बांधून खाली गेले. अक्षयनं पाहिलं नाही, उलटी पडली होती.

मग आम्ही किल्ल्यावर गेलो. वरून सगळं शहर दिसतं. त्यानं माझे फोटो काढले आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, तू हलून राह्यली का? मी हलले नव्हते. फोटोत मागचं चर्च स्वच्छ आलंय, निळा स्कार्फ स्वच्छ आलाय, स्वेटरची वीण मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. चेहरा नाही. म्हणजे आहे, पण पुसल्यासारखा, नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नाही. दुसऱ्या मोबाईलवर काढला, तसाच. एका कोरियन मुलीला काढायला सांगितला. तिनं स्क्रीन बघितली, माझ्याकडे बघितलं आणि मोबाईल घाईनं अक्षयच्या हातात दिला.

दुपारी हॉटेलात वेटरनं दोन ताटं आणली. एक अक्षयसमोर ठेवलं, दुसरं माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर. काटा-चमचा नीट लावून. मी ताट माझ्याकडे ओढलं. अक्षय बघत होता.

आरशात मी बरी दिसते. जवळून पाहिलं. जरा फिकी आहे, एवढंच.

११ मे

आता हे टिकू द्यायचं नाही. आज तिला सोडून आले.

मोठ्या पुलाजवळ एक लहान पूल आहे, खाली ओढ्यासारखं पाणी आणि गिरणीचं मोठं लाकडी चाक. पुलाच्या कठड्याला हजारो कुलपं. जोडपी येतात, कुलपावर दोघांची नावं घालतात, ते कठड्याला लावतात आणि किल्ली पाण्यात टाकतात. म्हणजे प्रेम कायमचं कुलूपबंद. अक्षयला हेही माहीत होतं, ते सांगायला नको. त्यानं टपरीवरून पितळी कुलूप घेतलं आणि तिथल्याच खिळ्यानं त्यावर स्वतःचं नाव कोरलं. मग खिळा हातात धरून थांबला. बराच वेळ थांबला. शेवटी मला दिला, म्हणाला, तुयं तूच लिही.

मी लिहिलं. सुरभी. खोल, घट्ट, कोणाला खोडता येणार नाही असं. कोरताना दात आवळले गेले होते.

कुलूप लावायच्या आधी मी त्याला कॉफी आणायला पाठवलं. टाक गळ्यातून काढला, दोऱ्याची गाठ कुलपाच्या कडीत अडकवली, कुलूप कठड्याला ठोकलं आणि किल्ली पाण्यात टाकली. चाक संथ फिरत होतं. चकती उन्हात लुकलुकत होती, कोरी, कोणाचीच नसलेली. मी तिला म्हणाले, घे, तुला इथंच यायचं होतं ना, राहा आता. मग स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली.

कॉफी मात्र बेचव होती. टाकाला दाखवली नव्हती, टाक नव्हताच, तरी बेचव.

परतताना अक्षय खूप बोलत होता. दुकानाचं, बापूंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घेतलेल्या नव्या शेताचं, पावसाळ्याआधी भरायच्या मालाचं. मी उजवीकडून चालत होते. तो डावीकडे तोंड करून बोलत होता आणि मध्येच हसत होता. मी दोनदा हाक मारली. ट्रामचा आवाज होता म्हणा.

१२ मे

सकाळी स्कार्फ सापडेना. बॅग उलटी केली. अक्षयला विचारलं, तो आरशात भांग पाडत राहिला. हात धरला तेव्हा दचकून म्हणाला, तू इथंच हायस का. आणि माझा हात झटकला, थंड आहे म्हणून.

सासूबाईंचा कॉल आला. टाक कसा दाखवायचा म्हणून मी तयारीत होते, स्वेटरच्या आत आहे सांगणार होते. त्यांनी विचारलंच नाही. त्या स्क्रीनकडे, माझ्या मागे कुठेतरी बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावला. रडत होत्या आणि हसत होत्या. म्हणाल्या, किती वाळली व माय, खात नव्हती का तिकडं, कोणी देत नव्हतं का तुले खायाले?

मी मागे वळून पाहिलं. पलंगाच्या कडेला निळा स्कार्फ होता. कोणीतरी घातलेला.

नंतर—

नाही, नीट लिहिते. बाई दिसली. पूर्ण नाही. खांदे, वेणी, स्कार्फची गाठ. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती अक्षयच्या शर्टाची कॉलर सरळ करत होती आणि तो डोळे मिटून उभा होता. मी ओरडले. मी शाळेत पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडू शकते. आत्ता ओरडले तर खोलीत नुसती एक बारीक किणकिण झाली, चमचा बशीला लागावा तशी.

मग कळलं. सपाट करून टाक कोरा मी केला. आणि कोऱ्या टाकाशी माझं नाव लिहिलेलं कुलूप मी ठोकलं. माझ्या हातानं, दात आवळून. चेहरा तिचा पुसला, नाव माझं दिलं. ती मोकळी झाली.

पुलावर जाते. काढून आणते.

१२ मे, संध्याकाळ

किल्ली पाण्यात आहे. दोरा ओढला, तुटत नाही. माझी बोटं त्याला धरतच नाहीत.

ते दोघं आले. अक्षय घाबरलेला, तिला सांगत होता की टाक इथं काहून आला, आईले काय सांगू. तिनं पर्समधून कात्री काढली. माझी पर्स, माझी कात्री. दोरा कापला. टाक हातात घेऊन पाहिला, अंगठ्यानं पुसला. अंगठा माझ्या डोळ्यांवरून फिरला.

मग अक्षयनं तो तिच्या गळ्यात बांधला. हळूच, दोन बोटांनी.

१३ मे

मी कुठे बसलेय कळत नाही. फार जवळ. लोकरीचा वास. वर हनुवटी दिसते तिची, अक्षयचा खांदा दिसतो. ती श्वास घेते तेव्हा मी वर जाते, खाली येते.

लिहिता येतंय तोवर लिहिणार. हातात पेन आहे की नाही ते बघत नाही. बघितलं तर थांबेल.

विमानतळ. ट्रे. चपला, पट्टा, मोबाईल आणि—

रबराच्या पट्ट्या अंगावरून गेल्या. काळोख. पलीकडे कोणी हसलं.

अक्षय, मी इथे आहे. अक्षय, खाली बघ. एकदा माझ्या तोंडाकडे बघ, गळ्याकडे नको—

गळ्याकडेच बघ. बघ ना.

तो बघत नाही. तो तिच्या तोंडाकडे बघतोय. माझ्याकडे कधी असं पाहिलं नव्हतं त्यानं. आता तिच्याकडे बघतो, माझ्या डोक्यावरून.

विमानात त्यांनी एकाच ताटातलं खाल्लं. वास आला. भूक लागली आहे. केव्हापासून.

१५ मे, पुसद

ऊन. ऊन ओळखलं. नागपूरहून गाडीत मी तापले, तिनं मला स्कार्फच्या बाहेर काढलं.

दारात सासूबाई. भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हणाल्या, आली माय माई रेणुका. बापू बाजेवरून उठले, तेही तेच म्हणाले. सगळे तेच म्हणतात. शेजारच्या तुळसाबाई तेवढ्या घुटमळल्या. त्यांनी विचारलं, ते दुसरी कुठं हाय, राळेगावची?

मग सासूबाईंनी तिच्या गळ्यातला टाक उचलून दाखवला. म्हणाल्या, हे पाहा, तिकडंच गेली बिचारी. सवाष्ण गेली.

नाही गेले. तुळसाबाई, नाही—

सासूबाई म्हणाल्या, लय मळला वो, काही दिसून नाही राह्यलं, चिंच लावून घास, मंग सोनाराकडं देऊ, तिचा एखादा फोटो पाह्य. अक्षयनं मोबाईल काढला. फोटो चाळले. म्हणाला, एकही नीट नाही.

चिंच.

जळतं. डोळ्यांत, ओठांत. ती घासतेय. गुणगुणतेय. माझंच गाणं आहे.

ताटं मांडली. आमरस. वांग्याची भाजी. आता वास येतो, सगळं गाव नावाजतं तो वास. रीत आहे. पहिला घास माझा. सासूबाई आत्ताच म्हणाल्या, तिचं हाय ते तिले आधी देजो. द्यावाच लागतो. आधी मला, मग तिनं—

घास उचलला तिनं. वर आणतेय. जवळ आला. रस पोळीतून ठिबकतोय. आ करतेय मी, रेणुका, आ करतेय.

थांबली.

अक्षय हात धुवायला गेलाय. तिनं इकडेतिकडे पाहिलं. स्कार्फ ओढला माझ्यावर, आणि घास